नवी एसपी तोफ हवी की आहे त्यावर भागेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय तोफखान्यासाठी नवी सेल्फ प्रोपेल्ड, म्हणजे एसपी तोफ रेखाटावी का, हा वाद पुन्हा जोरात आहे. ट्रॅकवर, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर, धावणाऱ्या 'वज्र' तोफेची दुसरी शंभराची मागणी डिसेंबर 2024 मध्ये नोंदवली गेली, मार्च 2025 मध्ये ओढून न्यायच्या 'एटॅग्स' तोफांचा करार झाला, आणि त्याच वर्षी अहिल्यानगरच्या व्हीआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या वाहन प्रयोगशाळेने, ट्रकवर बसवलेली तोफ लोकांसमोर आणली. मग आणखी एक आराखडा कशाला? आमचे उत्तर सुरुवातीलाच देतो. ट्रॅकवरची नवी तोफ शून्यापासून रेखाटण्याची आज गरज नाही. चाकांवरची तोफ मात्र हवी, लवकर हवी, आणि तिच्यासाठी लागणारी नळी आपल्याकडे तयार आहे. खालचे प्रश्न वारंवार विचारले जातात. ज्यांत वादाचा खरा गाभा आहे, त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

एसपी तोफ म्हणजे 'स्वयंचलित तोफ' का?

वर्तमानपत्रांत तसे छापून येते आणि त्यातून गैरसमज होतो. स्वयंचलित म्हटले की गोळा आपोआप भरला जातो असे वाटते. एसपी तोफेत आपोआप होते ते फक्त धावणे. नळी, तोफगाडा, इंजिन आणि तोफची हे सगळे एकाच वाहनावर असते, ओढायला वेगळा ट्रक लागत नाही. भरणी हाताने, अर्धवट यंत्राने किंवा पूर्ण यंत्राने, कशीही असू शकते. 'वज्र'मध्ये गोळा यंत्राने नळीत जातो, पण त्यामागचा चार्ज, म्हणजे गोळा ढकलणारी दारू, माणूस हाताने ठेवतो.

एसपी तोफेचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिला ट्रॅकवरचा, बंद बुरुजाचा. रणगाड्यासारखी दिसते, पण चिलखत फक्त छर्रे आणि बंदुकीच्या गोळ्या अडवण्यापुरते असते. दुसरा चाकांवरचा, म्हणजे जड ट्रकच्या पाठीवर तोफ. लष्करात याला माउंटेड गन म्हणतात.

39, 45, 52 कॅलिबर हे आकडे काय सांगतात?

नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट, एवढेच. 155 मिमी × 39 म्हणजे साधारण 6 मीटर, × 45 म्हणजे 7 मीटर, × 52 म्हणजे 8.06 मीटर. नळी लांब असली की वायूचा दाब गोळ्याला जास्त वेळ ढकलतो आणि पल्ला वाढतो. बोफोर्स आणि एम-777 या 39 च्या, धनुष 45 ची, वज्र आणि एटॅग्स 52 च्या.

लष्कराकडे आज एसपी तोफा कोणत्या आहेत?

मुख्य तोफ के-9 वज्र-टी. कोरियाच्या हानव्हाचा आराखडा, बांधणी एल अँड टीची हझिऱ्यात. पहिला करार मे 2017 चा, शंभर तोफांचा. 9 नोव्हेंबर 2018 रोजी देवळालीच्या समारंभात ती एम-777 सोबत तोफखान्यात दाखल झाली, आणि शंभरावी तोफ फेब्रुवारी 2021 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते हझिऱ्यातून बाहेर पडली. दुसरा करार 20 डिसेंबर 2024 चा, 7,628.70 कोटींचा.

त्याआधी ब्रिटिश बनावटीची 105 मिमी अ‍ॅबट होती आणि विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावर 130 मिमी नळी बसवलेली 'कॅटापुल्ट' होती. दोन्ही आता इतिहासजमा आहेत.

मग वाद कशाचा? तोफा तर येत आहेत.

1999 मध्ये ठरलेल्या तोफखाना आधुनिकीकरण योजनेचे आकडे पाहिले की वाद कळतो. ओढून न्यायच्या 1,580, ट्रकवर बसवलेल्या 814, चाकांवरच्या बुरुजाच्या 180, ट्रॅकवरच्या 100 आणि अतिहलक्या 145. ट्रॅकवरच्या शंभर पूर्ण झाल्या, वर आणखी शंभर मागवल्या. अतिहलक्या 145, म्हणजे एम-777, आल्या. ओढायच्या तोफांचे गाडे धनुष आणि एटॅग्समुळे पुढे सरकले. 814 आणि 180 हे दोन रकाने मात्र पाव शतकभर जवळपास कोरेच राहिले. म्हणजे योजनेतल्या साधारण 2,800 तोफांपैकी हजाराच्या आसपास चाकांवर धावायला हव्या होत्या, आणि कमतरता नेमकी तिथेच आहे.

म्हणून 'नवी एसपी तोफ हवी का' हा प्रश्न असा मोघम विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या रकान्यासाठी, हे आधी ठरवावे लागते.

वज्र इतकी चांगली आहे तर तीच हजारभर का घेऊ नये?

वज्र चांगलीच आहे, यात शंका नाही. वजन 47 टन, इंजिन 1,000 अश्वशक्तीचे, पाच जणांचे पथक, आत 48 गोळे, सपाटीवर वेग ताशी 60 किलोमीटरच्या पुढे. थांबल्यापासून अर्ध्या मिनिटात पहिला गोळा सुटतो आणि गरज पडल्यास 15 सेकंदांत तीन गोळे जातात. रणगाडे वाळवंटातून पुढे सरकत असताना त्यांच्यामागून त्याच वेगाने येऊन मारा करणे हे तिचे काम. राजस्थान आणि पंजाबच्या आघाडीवर तिला तोड नाही.

अडचण आहे ती बाकी ठिकाणी. 47 टन म्हटले की प्रत्येक पूल मोजून ओलांडावा लागतो. रुंदी 3.4 मीटर, त्यामुळे रेल्वेच्या नेहमीच्या मालमापात ती बसत नाही. मार्ग ठरवून, शेजारचा रूळ पाहून न्यावी लागते. लांब पल्ल्यावर ट्रॅकवर चालवली तर ट्रॅकचे रबरी पॅड, रोडव्हील आणि इंजिनाचे तास झिजतात, म्हणून ट्रेलर लागतो. घाटात ट्रेलरसह वळणे ही वेगळीच कसरत. 2021 मध्ये लडाखला काही वज्र नेल्या, तिथे त्या चालल्याही, पण थंडीसाठी बॅटऱ्या, तेले आणि इतर साहित्याचा वेगळा संच जोडावा लागला. पूर्व लडाखच्या रुंद पठारी दऱ्यांत वज्र शोभते. अरुणाचलच्या अरुंद, पावसाने खचणाऱ्या रस्त्यांवर ती नेणे शहाणपणाचे नाही.

आणि किंमत. दुसऱ्या कराराची रक्कम शंभराने भागली तर एका तोफेमागे सुमारे 76 कोटी पडतात. त्यात सुटे भाग व इतर बाबी धरलेल्या असतात, त्यामुळे ती निव्वळ तोफेची किंमत नव्हे. तरी एटॅग्सच्या करारातले 6,900 कोटी 307 तोफांत, ओढायच्या 327 वाहनांसकट, वाटले गेले, म्हणजे तोफेमागे साडेबावीस कोटी. एवढा फरक असताना हजार वज्र घेण्याचा विचार कोणी करणार नाही.

ट्रॅक की चाके? थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगितले की चुकीचे ठरते, कारण उत्तर जमिनीवर अवलंबून आहे.

ट्रॅक दाब पसरवतात, म्हणून मऊ वाळूत आणि चिखलात गाडी रुतत नाही. बुरूज पूर्ण 360 अंशांत फिरतो. तोफ उडवताना बसणारा धक्का 47 टनांचा सांगाडा पचवतो, त्यामुळे जमिनीत काही रोवावे लागत नाही. पथक चिलखताच्या आत राहते.

ट्रकवरची तोफ रस्त्यावर ताशी 80-90 किलोमीटरने जाते, एका रात्रीत एका दरीतून दुसऱ्या दरीत पोहोचते. टायर आणि इंजिन बिघडले तर ते दुरुस्त करणारे हात प्रत्येक छावणीत असतात. पण उडवण्याआधी मागचा मोठा फाळ, म्हणजे स्पेड, जमिनीत रोवावा लागतो, नाहीतर धक्क्याने ट्रक मागे सरकतो आणि पुढचा गोळा भलतीकडे जातो. खडकावर स्पेड रुतत नाही, ओल्या मातीत जास्तच रुततो आणि निघताना वेळ खातो. बहुतेक ट्रकतोफा डावी-उजवीकडे मिळून 50-60 अंशांतच मारा करू शकतात. लक्ष्य त्याबाहेर गेले तर स्पेड उचलून अख्खा ट्रक वळवावा लागतो. डोंगरातल्या दीड गाडीच्या रस्त्यावर ट्रक वळवायला जागा कुठून आणायची? म्हणून ट्रकतोफेची जागा आधी पाहून, मोजून, तिचे तोंड कुठे राहील हे ठरवून ठेवावी लागते.

चीनची पीसीएल-181 ही 25 टनांच्या आसपासची 6×6 ट्रकतोफ तिबेटच्या बाजूला आहे, आणि तिचेच निर्यातीचे रूप एसएच-15 पाकिस्तानने घेतले. दोन्ही शेजाऱ्यांनी चाके निवडली त्यामागे रस्त्यांचा हिशेब आहे.

'मारा आणि निसटा' म्हणजे किती मिनिटांचा खेळ आहे?

सगळ्या वादाचा कणा हाच, म्हणून सेकंदांत मांडतो.

तोफगोळा सुटला की शत्रूचा शस्त्रशोधक रडार तो हवेत असतानाच पकडतो. आपल्याकडे हे काम 'स्वाती' करते. मार्गाचा थोडासा तुकडा मिळाला की रडार मागे गणित करून तोफेची जागा सांगतो. पुढे ती जागा त्यांच्या तोफांना कळवणे, नेम लावणे, भरणे, आणि शेवटी त्यांचा गोळा आपल्यापर्यंत येणे. 30 किलोमीटरवरून येणाऱ्या गोळ्यालाच एक ते दीड मिनिट लागते. तयारीचा शत्रू असला तर पहिला गोळा सुटल्यापासून तीन ते पाच मिनिटांत उत्तर येते. याहून जास्त वेळ तुम्हाला मिळेल असे गृहीत धरू नये.

आता आपली बाजू. ओढायची तोफ ट्रकपासून सोडवणे, पाय पसरणे, स्पेड रोवणे, नेम लावणे यात काही मिनिटे जातात, आणि निघताना हेच उलट्या क्रमाने. सहा गोळे मारेपर्यंत उत्तर यायची वेळ होते. व्हीआरडीईची ट्रकतोफ थांबल्यापासून 85 सेकंदांत माऱ्याला तयार होते आणि मिनिटाला सहा गोळे टाकते असे सांगितले गेले आहे. हिशेब करा: पहिल्या गोळ्यापासून सहाव्यापर्यंत एक मिनिट, स्पेड आणि पाय उचलायला साधारण तितकाच वेळ जितका टेकवायला. म्हणजे अडीच मिनिटांच्या आसपास चाके फिरू लागली पाहिजेत, आणि चौथ्या मिनिटाला गाडी निदान काही शे मीटर दूर हवी. जमते, पण शिल्लक फार नाही. वज्रला टेकवणे-उचलणे नसल्याने ती दीड मिनिटात निघते.

एक चूक वारंवार होते. 'तयार व्हायला किती वेळ' हा आकडा सगळे विचारतात. तोफ वाचते ती 'शेवटच्या गोळ्यापासून निघायला किती वेळ' या आकड्यावर. नव्या आराखड्याच्या मागणीपत्रात दुसरा आकडा पहिल्याइतकाच ठळक असला पाहिजे.

ड्रोनमुळे हे सगळे गणित बदलले नाही का?

बदलले, पण अनेकांना वाटते तसे नाही. युक्रेनमध्ये लॅन्सेटसारखे घिरट्या घालणारे ड्रोन तोफांचे मोठे वैरी ठरले. रडारला तोफ उडेपर्यंत थांबावे लागते, ड्रोनला थांबावे लागत नाही. रस्त्यावर चालणारी तोफही त्याला दिसते. त्यामुळे पळण्याइतकेच लपणे महत्त्वाचे झाले. झाडीत, खणलेल्या खाचेत, जाळीखाली तासन्‌तास बसायचे, हुकूम आला की बाहेर यायचे, मारायचे, परत दडायचे.

यातून आराखड्यासाठी काही ठोस गोष्टी निघतात. गाडीची उंची कमी हवी. इंजिन बंद ठेवून रेडिओ, संगणक आणि नळी हलवण्यापुरती वीज देणारे छोटे सहायक यंत्र हवे. मोठे इंजिन चालू ठेवले की उष्णतेच्या कॅमेऱ्यात गाडी दिव्यासारखी दिसते. केबिनला छर्रे अडवणारे चिलखत हवे, आणि शक्य असेल तर पथकाने केबिनमधूनच मारा करावा. स्वीडनची आर्चर तसेच करते: 21 गोळ्यांचे यंत्र मागे, माणसे पुढे चिलखतात. आपल्या ट्रकतोफेचे पथक सात जणांचे आहे आणि भरणीसाठी त्यातले बरेच बाहेर उभे राहतात. आमच्या मते पहिल्या खेपेला हे चालेल, दुसऱ्या खेपेला चालू देऊ नये.

ओढायच्या तोफा ड्रोनपुढे निकामी झाल्या असे म्हणणेही घाईचे आहे. त्या लहान असतात, नीट खणून झाकल्या तर सापडत नाहीत, आणि छर्रे लागले तर जळायला इंजिन नसते. एटॅग्सला जागा आहेच.

आपण स्वतःची ट्रॅकवरची तोफ रेखाटायला काय हरकत आहे? अर्जुन रणगाड्याचा सांगाडा तर आहे.

हा प्रयत्न होऊन गेला. 'भीम' नावाच्या प्रकल्पात अर्जुनच्या सांगाड्यावर दक्षिण आफ्रिकेच्या डेनेलचा टी-6 बुरूज बसवला होता, 155 मिमी, 52 कॅलिबरचा. 2005 मध्ये डेनेलशी व्यवहार थांबवले गेले आणि बुरुजाविना प्रकल्प संपला. पुढे अर्जुनच्याच सांगाड्यावर 130 मिमी नळीचे कॅटापुल्ट काढले, तेही सेवेत रुजले नाही. भीमची हकीकत सांगायची ती एवढ्यासाठी की त्यात सांगाडा आपला होता, पण तोफ परक्याची होती. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे: तोफ आपली, ट्रॅकचा सांगाडा परक्याच्या आराखड्याचा.

जगाचा अनुभवही सावध करणारा आहे. पोलंडने क्रॅब तोफेसाठी स्वतःचा सांगाडा काढला, त्याला तडे जाऊ लागले, आणि 2014 मध्ये त्यांनी के-9 चाच सांगाडा घेऊन बुरूज त्यावर चढवला. त्यानंतर क्रॅब युक्रेनच्या युद्धात चालली. अमेरिकेने नव्या एसपी तोफांचे तीन प्रकल्प सोडून दिले: क्रुसेडर 2002 मध्ये, एनएलओएस-सी 2009 मध्ये आणि एर्का 2024 मध्ये. 1963 पासूनची एम-109 सुधारत सुधारत ते अजून वापरतात. 2024 च्या सप्टेंबरात त्यांच्या लष्कराने नवे काही रेखाटण्याऐवजी बाजारात तयार असलेल्या तोफा दाखवायला पाच कंपन्यांना बोलावले, त्यात के-9 बनवणारी हानव्हाही होती. इतका पैसा असलेला देश या निष्कर्षाला येत असेल तर आपण विचार करावा.

के-9 चे काम कोरियात 1989 ला सुरू झाले आणि तोफ 1999 ला सैन्यात आली. एटॅग्सचे काम 2013 च्या सुमारास सुरू झाले आणि मागणी 2025 ला मिळाली. म्हणजे नवा ट्रॅकवाला आराखडा आज मांडला तर 2036-37 च्या आधी हाती काही पडणार नाही. त्यापेक्षा वज्रचे जे भाग अजून बाहेरून येतात त्यांवर जोर लावावा. जर्मन इंजिनाच्या निर्यात परवान्याची अडचण कोरियाला भोवली, म्हणून त्यांनी के-9 साठी स्वतःचे 1,000 अश्वशक्तीचे इंजिन काढले. आपल्यालाही इंजिन आणि गिअरपेटी हाच खरा अडथळा आहे. नव्या बुरुजाचे चित्र काढून तो सुटत नाही.

झोरावर हलक्या रणगाड्याच्या सांगाड्यावर 155 मिमी बसवता येईल का?

39 कॅलिबरची बसेल, 52 ची बसवू नये. झोरावर 25 टनांचा आहे. एम-109 पॅलाडिन 28-29 टनांची आणि नळी 39 ची. एनएलओएस-सी त्याहून थोडी हलकी आणि नळी 38 ची. 52 च्या नळीतून पूर्ण चार्जवर सुमारे 45 किलोचा गोळा सेकंदाला 900 मीटरहून जास्त वेगाने सुटतो. तो धक्का 25 टनांवर घ्यायचा तर स्पेड लावावा लागेल, म्हणजे ट्रॅकचा फायदा गेला. आत जागा कमी, गोळे कमी, आणि पुढच्या बाजूने लोंबणारी आठ मीटरची नळी. उंच डोंगरासाठी 39 ची हलकी ट्रॅकतोफ ही कल्पना अभ्यासण्यासारखी आहे, पण ती ट्रकतोफेनंतर.

नळी आणखी लांब केली तर? 58 कॅलिबर?

अमेरिकेची एर्का हेच होते. डिसेंबर 2020 मध्ये युमाच्या मैदानावर तिने एक्सकॅलिबर गोळा सुमारे 70 किलोमीटरवर नेमका टाकला. आणि तरी मार्च 2024 मध्ये प्रकल्प बंद झाला, कारण तुलनेने थोड्याच गोळ्यांनंतर नळी जास्त झिजत होती.

झीज कुठे होते ते जवळून पाहिले की कारण समजते. चार्ज जळताना नळीच्या मागच्या भागात तापमान काही हजार अंशांवर जाते. जिथे चार्जची खोली संपून आटे, म्हणजे गोळ्याला फिरवणाऱ्या खाचा, सुरू होतात, त्या पहिल्या काही इंचांत पोलाद क्षणभर मऊ पडते, क्रोमच्या मुलाम्याला केसासारख्या चिरा पडतात, वायू त्या चिरांतून आत शिरून मुलामा उचलतो. मग आट्यांची धार जाते, गोळ्याचा तांब्याचा पट्टा तिथे घट्ट बसत नाही, गोळा थोडा पुढे सरकून बसतो, दाब आधीच निसटतो आणि वेग घटतो. वेगात सेकंदाला 10 मीटरची घट म्हणजे लांब पल्ल्यावर काही शे मीटरची चूक. म्हणून चांगल्या तोफेवर नळीच्या तोंडाचा वेग मोजणारे छोटे रडार असते आणि प्रत्येक गोळ्याचा वेग संगणकात जातो.

नळीचे आयुष्य गोळ्यांच्या निव्वळ संख्येत मोजत नाहीत, 'पूर्ण चार्जच्या' हिशेबात मोजतात. कमी चार्जचा गोळा एकाचा छोटासा अंश धरला जातो. पल्ला वाढवायच्या हव्यासाने रोज पूर्ण चार्ज वापरला तर नळी हिशेबापेक्षा कितीतरी लवकर संपते. 2022 मध्ये युक्रेनमध्ये जर्मन पीझेडएच-2000 तोफा दिवसाला 300 पर्यंत गोळे मारत असल्याने बिघाडाचे इशारे देऊ लागल्या. जर्मन लष्कर 100 लाच भारी मारा मानते. आमचे मत: 52 वर थांबावे, आणि जास्त पल्ला गोळ्यातून मिळवावा.

लडाखमध्ये तोफ वेगळी वागते का?

हो. 4,500 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असते. गोळ्याला अडथळा कमी, म्हणून तो लांब जातो. पोखरणचे माऱ्याचे तक्ते तिथे वापरले तर गोळे लक्ष्याच्या पलीकडे पडतात. दुसरीकडे चार्ज थंड असला की सावकाश जळतो आणि वेग घटतो. तक्ते 21 अंश सेल्सियस चार्जवर बांधलेले असतात. रात्रभर उणे 25 मध्ये पडलेला चार्ज त्याच तक्त्याने चालवला तर गोळा आखूड पडतो. दोन चुका उलट्या दिशेच्या आहेत म्हणून त्या एकमेकींना मिटवतील असे कोणी समजू नये.

तोफगाड्याच्या बाजूने: विरळ हवेत डिझेल इंजिनाची ताकद उतरते, धक्का शोषणाऱ्या सिलिंडरातले तेल घट्ट होते, रबरी सील आखडून गळू लागतात, बॅटरी निम्मी क्षमताही देत नाही. पहिले गोळे कमी चार्जवर टाकून रिकॉइलची, म्हणजे धक्क्याने नळी मागे सरकण्याची, लांबी पट्टीवर तपासावी. ती ठरलेल्या खुणेच्या पुढे गेली तर थांबून वायूचा दाब आणि तेल पाहावे, तसेच पुढे रेटू नये.

व्हीआरडीईच्या ट्रकतोफेत नवे काय आहे?

तोफ एटॅग्सची, म्हणजे पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेची. गाडा 8×8 चा, तो बसवण्याचे काम अहिल्यानगरचे. एकूण वजन 30 टन, साधारण निम्मे तोफेचे आणि निम्मे वाहनाचे. वाहनावर 24 गोळे. म्हणजे यात नवा शोध लावण्याचा भाग थोडा आणि जोडणीचा जास्त, आणि आम्हाला तीच तिची ताकद वाटते. नळी, ब्रीच (नळीचे मागचे झाकण), रिकॉइल, नेमाचा संगणक हे सगळे ओढायच्या तोफेसोबत सामाईक राहिले तर एकाच कोठारातले सुटे भाग दोघींना चालतात, आणि देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत तोफची एकच कवायत शिकतात.

एकाच व्यासाच्या सगळ्या 155 मिमी तोफांत एकच दारूगोळा चालतो ना?

गोळा बहुधा चालतो, चार्जचे तसे नाही. नाटो देशांच्या आपसातल्या करारानुसार 52 कॅलिबर तोफेची चार्जखोली 23 लिटरची असते. वज्र त्या वळणाची. एटॅग्सची खोली 25 लिटरची आहे, म्हणून तिचा पल्ला जास्त. 2017 मध्ये पोखरणला तिने 47-48 किलोमीटर गाठले. पण खोली बदलली की दाब बदलतो, वेग बदलतो, आणि प्रत्येक गोळा-चार्ज जोडीचे तक्ते स्वतंत्र चाचणीने बांधावे लागतात. परदेशी गोळा विकत घेताना 'आमच्या 52 मध्ये चालतो' हे विक्रेत्याचे वाक्य पुरेसे धरू नये.

चार्ज हीच आपली जुनी दुखरी जागा. बिहारच्या नालंदा कारखान्यात मॉड्यूलर, म्हणजे सुट्या तुकड्यांचे, चार्ज बनवायचे ठरले, पण परदेशी भागीदार काळ्या यादीत गेल्याने काम वर्षानुवर्षे रखडले, आणि शेवटी पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटकांच्या प्रयोगशाळेच्या तंत्रावर ते उभे राहिले. गोळ्यांच्या साखळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे: नागपूरजवळ अंबाझरी, भद्रावतीजवळ चांदा, आणि दारूसाठी भंडारा.

एक हिशेब करून पाहा. 18 तोफांची एक रेजिमेंट, प्रत्येकी दिवसाला 100 गोळे, म्हणजे 1,800. गोळा, चार्ज, फ्यूज आणि वेष्टन मिळून नगाला 65 किलो धरले तर 117 टन. घाटात ट्रकवर 8 टन लादले तर रोज 15 ट्रक, एका रेजिमेंटला. तोफ कितीही नवी असो, हे 15 ट्रक रोज पोहोचले नाहीत तर ती गप्प बसते. म्हणून तोफांच्या प्रत्येक करारासोबत, त्याच चाकांचे आणि क्रेन असलेले, दारूगोळ्याचे ट्रकही मागवावेत.

पूर्ण यंत्राने भरणी हवी का? माणसे कमी लागतील.

हवी, पण घाईने नाही. के-9 ची पुढची आवृत्ती, ए-2, पूर्ण यंत्रभरणीची आहे आणि पथक तिघांवर येते. यंत्राचा फायदा म्हणजे सातत्य: दहावा गोळाही पहिल्याइतक्याच जोराने नळीत बसतो. हाताने भरताना दमलेला माणूस गोळा पुरता ठासत नाही, आणि नळी वर उचलल्यावर तो मागे घसरतो. हा अपघाताचा रस्ता आहे. तोटा असा की वाळूत आणि बर्फात सेन्सर अडकतो आणि एक सेन्सर अख्खी तोफ थांबवतो. शिवाय तीन माणसांना रात्री पहारा, दुरुस्ती आणि 45 किलोचे गोळे चढवणे हे सगळे करायचे असते. यंत्र बंद पडल्यावर हाताने किती वेगाने भरता येते, हा आकडा चाचणीत मागितलाच पाहिजे.

ट्रकतोफेच्या चाचण्यांत नेमके काय पाहावे?

पल्ल्याचा विक्रम शेवटी पाहावा. आधी घट्ट खडक, कोरडी माती आणि चिखल अशा तिन्ही जमिनींवर पूर्ण चार्जचे सलग 20 गोळे टाकून प्रत्येक गोळ्यानंतर गाडी किती सरकली ते मोजावे. नळी एकदा सरळ पुढे आणि एकदा बाजूच्या टोकाच्या कोनात ठेवावी, कारण तिरप्या माऱ्यात धक्का एका बाजूच्या पायावर येतो आणि चेसिस पिळली जाते. त्यानंतर वेल्डचे सांधे रंगद्रव्याने तपासावेत. क्रॅबला धडा मिळाला तो सांगाड्यातूनच. 45 अंशांच्या वरचा मारा वेगळा घ्यावा, कारण डोंगराच्या पाठीमागे पोहोचायला तोच लागतो आणि त्यात नळी मागे सरकताना ब्रीच वाहनाच्या तळाजवळ येते. मग भरलेल्या गोळ्यांसह घाटात किमान हजार किलोमीटर चालवावी आणि शेवटी नेम पुन्हा तपासावा: नळीची आणि दिशादर्शक यंत्राची जुळणी खड्ड्यांनी किती हलली ते कळते. हे सगळे एकाच गाडीवर, मधे भाग न बदलता व्हावे. आणि शेवटच्या गोळ्यापासून चाके फिरेपर्यंतचा वेळ प्रत्येक वेळी घड्याळ लावून, रात्री, हातमोजे घातलेल्या पथकाकडून घ्यावा.